सरकारी दवाखान्यात औषधच नसतं, मग पोरीने व्हेटर्नरीला जावं का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. तुम्ही माण तालुक्यातल्या, लेक बारावी सायन्सला, तिला बीव्हीएससी (जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी) करायचंय आणि घरचे म्हणतायत की जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसतो, असला तर औषध नसतं, बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी देतात, असल्या खात्याच्या भरवशावर पोरीने साडेपाच वर्षं घालवायची का.

घरच्यांनी बघितलंय ते खरंच आहे, पण मी तरी म्हणेन जाऊ द्या तिला, फक्त या खात्यात पैसा कसा येतो ते आधी समजून घ्या.

रात्री गाय अडली तर शेतकरी खिशातून व्हिजिटचे पैसे देतो, कारण गाय त्याची, वासरू त्याचं. पण लाळ्या खुरकूत या जनावरांच्या तोंडाखुरांच्या साथीच्या रोगाची लस तुम्ही टोचून घेतली आणि शेजारच्या चार गोठ्यांनी नाही घेतली तर साथ गावात येतेच, बाजारातून येते, ऊसतोडीवरून परतणाऱ्या बैलांबरोबर येते, म्हणून हे काम एकेकाच्या खिशावर सोडताच येत नाही, ते सरकारनेच करायचं. 2019 ला केंद्राने लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (जनावरांचा गर्भ पाडणारा रोग) यांच्यासाठी 13,343 कोटींचा कार्यक्रम आणला तो याचसाठी, आणि ब्रुसेलोसिस तर माणसालाही होतो. घरात म्हातारं माणूस असेल तर बुळकांडी म्हणजे काय ते विचारा. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग 2011 ला जगातूनच गेला, सरकारी लसीकरणानेच गेला.

लम्पी या गाईबैलांच्या त्वचारोगाच्या साथीत 2022 ला मेलेल्या दुभत्या गाईमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार, वासरामागे 16 हजार भरपाई ठरली होती. एवढे पैसे नंतर द्यायचे त्यापेक्षा आधी लस आणि डॉक्टर यावर घालवलेले कितीतरी बरे, हे मला अगदी पोटतिडकीने वाटतं. पण बजेटमधून पगार गेले की औषध, डिझेल, लस थंड ठेवायची सोय यांना उरेल ते मिळतं. 1962 या हेल्पलाइनवर फोन केला की दारात येणारी जनावरांच्या डॉक्टरांची फिरती पथकं घ्या, गाडी केंद्राने दिली पण चालवायचा खर्च केंद्र 60 आणि राज्य 40 असा आहे, यातला एक हप्ता जरी लांबला तरी गाडी जागेवर. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांनी 1980-90 च्या काळात कर्जाच्या अटींपायी हा खर्च कापला, खाजगी डॉक्टर येतील म्हणाले, ते आले पण शहराजवळ आणि दुधाच्या पट्ट्यात, लांबच्या माळावर मेंढ्यामागे कोण जाणार. इथे खर्च कापला तर तुमच्या माणदेशातही तेच होईल, मेंढपाळाला परवडेल अशी खाजगी व्हिजिट नसते हो.

आता लेकीसाठी. प्रवेश नीटच्या मार्कांवर आहे. तुमच्या जिल्ह्यातच शिरवळला सरकारी कॉलेज आहे, शिवाय परळ, परभणी, उदगीर, नागपूर आहेतच. साडेपाच वर्षांत एक वर्ष इंटर्नशिप धरलेली असते. पुढे पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी दवाखान्यातला जनावरांचा डॉक्टर, व्हायला एमपीएससी, आणि 2025 ला एकदम 2795 जागांची जाहिरात आली होती, म्हणजे घरचे ज्या रिकाम्या खुर्च्या बघतायत त्याच तिच्या जागा आहेत. पण जाहिराती दरवर्षी येत नाहीत, मधे वर्षं जातात, तेव्हा नुसतं अभ्यासिकेत बसून राहू नये, दूध संघात किंवा स्वतःची प्रॅक्टिस करत हात चालू ठेवावा. तिला आकडे आवडत असतील तर पुढे साथरोगशास्त्रात एमव्हीएससी (पुढची पदव्युत्तर पदवी) करता येतं, सरकारला पैसा कुठे लावायचा ते सांगणारी माणसं तिथूनच येतात.

एक करा, फॉर्म भरायच्या आधी तिला आठवडाभर जवळच्या श्रेणी 1 (पदवीधर डॉक्टर असलेल्या) जनावरांच्या दवाखान्यात बसू द्या, डॉक्टरांना विचारून, आणि लसीकरणाला वाडीवर जात असतील तर बरोबर पाठवा. परत आल्यावर ती काय म्हणते ते मला कळवा.