पाच लाखांचं कवच आणि खिशातून जाणारे पैसे

आरोग्यविम्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आईच्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली. पाच दिवसांचं बिल ३ लाख २० हजार. पॉलिसी ५ लाखांची, तरी कंपनीने ७५ हजार कापले. खोलीभाड्यातला फरक फक्त १५ हजारांचा होता, तो भरायची तयारी होती. वरचे ६० हजार कशाचे? (एक वाचक, पुणे)

तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोजच्या ५,००० रुपयांची मर्यादा आहे. तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत. बहुतेक खासगी रुग्णालयांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग या सगळ्यांचे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतात. म्हणून कंपनी हे खर्चही ८ ला ५ या प्रमाणातच मंजूर करते, बाकीचे कापते. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात.

तुमचं बिल मांडून बघू. खोली ४०,०००, त्यातले २५,००० मंजूर. सर्जन, थिएटर, नर्सिंग वगैरे १,६०,०००; त्याचे पाच अष्टमांश म्हणजे १,००,०००. औषधं, तपासण्या आणि हाडात घातलेला रॉड मिळून १,२०,०००. ते पूर्ण मंजूर. एकूण २,४५,०००. म्हणजे कंपनीचा हिशेब या वेळी बरोबर आहे. पण तो नेहमीच तसा असतो असं नाही, म्हणून सेटलमेंट लेटर ओळ न् ओळ वाचा. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. सरसकट पूर्ण बिलालाच पाच अष्टमांश लावल्याची पत्रं आमच्याकडे येतात. तसं झालं असेल तर लेखी हरकत घ्या. खोली कुठलीही असली तरी डॉक्टरांचे दर सारखेच, अशी रुग्णालयाची पद्धत असेल, तर तसं त्यांच्याकडून लिहून घ्या. मग ही कपात मुळात लागूच होत नाही. हातमोजे, मास्क अशा वस्तूंची कपात वेगळी असते, ती यात मिसळू नका.

पुढच्या वेळी खोली निवडण्याआधी टीपीए डेस्कवर (रुग्णालयातल्या विम्याच्या खिडकीवर) एकच विचारा: ‘या पॉलिसीत मला किती भाड्याची खोली चालते?’ पॉलिसीसोबत मिळणाऱ्या कस्टमर इन्फर्मेशन शीटवर ही मर्यादा छापलेली असते. रिन्यूअलच्या वेळी मर्यादा काढून टाकण्याची सोय आहे का, तेही बघा. त्यासाठी प्रीमियम थोडा जास्त गेला तरी चालेल, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. त्यांच्या मेडिक्लेमचा हप्ता आता झेपत नाही. आयुष्मान कार्ड काढून पॉलिसी बंद करू का? (एक वाचक, सांगली)

कार्ड लगेच काढा, पॉलिसी घाईने बंद करू नका.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आयुष्मान योजनेत मिळतात. खासगी पॉलिसी असली तरी चालते. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्ययोजना) किंवा माजी सैनिकांची योजना असेल, तर मात्र दोन्हींपैकी एक निवडावी लागते. आयुष्मान ॲपवर आधार क्रमांक टाकून ई-केवायसी करायची. वय आधारवरच्या जन्मतारखेप्रमाणे धरतात, त्यामुळे तारीख चुकलेली असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. आईही सत्तरीच्या पुढे असतील, तर ५ लाख दोघांत मिळून आहेत.

अडचण येते ती दवाखान्याच्या दारात. रुग्णालय यादीत असतं, पण फक्त डोळ्यांसाठी किंवा फक्त किडनीच्या उपचारांसाठी. काही पॅकेज (उपचारानुसार ठरवून दिलेला एकत्रित खर्च) सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. म्हणून ‘आयुष्मान चालतं का?’ एवढंच विचारून थांबू नका; ‘या आजाराचं पॅकेज तुमच्याकडे आहे का?’ असं आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) विचारा. कार्ड दाखल होतानाच दाखवायचं, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि डिस्चार्जनंतरची १५ दिवसांची औषधं येतात. वर पैसे मागितले तर १४५५५ वर तक्रार करा.

पॉलिसी सोडली की या वयात, जुन्या आजारांसह, नव्याने विमा मिळणं फार कठीण जातं. त्याआधी विमा रक्कम कमी करून किंवा कंपनी बदलून हप्ता उतरतो का ते बघा. पोर्ट करायचं, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची, तर रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा. जानेवारी २०२५ पासून साठीपुढच्या ग्राहकांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी आयआरडीएआय या विमा नियामकाशी विचारविनिमय करावा लागतो. तुमची वाढ त्याहून मोठी असेल तर कंपनीला लेखी कारण विचारा.

प्रश्न : जीएसटी गेला, तरी माझा हप्ता पुरेसा उतरला नाही. असं का? (एक वाचक, ठाणे)

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या फ्लोटर (सगळ्यांत मिळून एकच विमा रक्कम असलेल्या) पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. ३०,००० च्या मूळ हप्त्याला पूर्वी ३५,४०० जायचे, ते आता ३०,००० व्हायला हवेत. तुमचा मूळ हप्ताच वाढलेला दिसतो: वयाचा पुढचा टप्पा, उपचारांचे वाढते दर, आणि कंपन्यांना कमिशन वगैरेंवर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही हेही. दोन्ही वर्षांच्या रिन्यूअलच्या नोटिसा शेजारी ठेवून कराआधीचे आकडे ताडून बघा. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात आता सगळ्यांनाच ५ लाखांचं कवच आहे. मग सार्वत्रिक आरोग्यसेवा आली म्हणायची का? (एक शिक्षिका, बीड)

नाही. मोठं पाऊल मात्र पडलं आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली, आणि जुलै २०२४ पासून रेशनकार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र असलेल्या प्रत्येक कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. बायपाससाठी जमीन विकावी लागू नये, एवढं हे कवच नक्की करू शकतं.

पण ते उघडतं दाखल झाल्यावर. साखरेची आणि बीपीची रोजची गोळी, महिन्याची रक्त तपासणी, तालुक्याला जायचं एसटीचं भाडं हे सगळं खिशातूनच जातं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार (आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार) देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ वर आला. उतरला हे चांगलंच, तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणूसच मोजतो आहे. सरकारचा खर्च त्या वर्षी जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्के ठरवले होते.

विमा-योजनेची बाजू घेणारे म्हणतात, सरकारी रुग्णालयात सर्जनच नाही, मग रुग्णाने ती जागा भरेपर्यंत थांबायचं का? मुद्दा खरा आहे. पण ज्या तालुक्यात यादीतलं एकही रुग्णालय नाही, तिथे कार्ड घेऊन जायचं कुठे? नियोजन आयोगाने नेमलेल्या डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या तज्ज्ञगटाने २०११ मध्येच सांगितलं होतं की पैसा करांतून उभा करा आणि सेवा विमा कंपन्यांमार्फत विकत घेऊ नका. थायलंडने २००२ मध्ये हेच केलं: माणसाची नोंद जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे, त्या रुग्णालयाला माणशी ठरलेला निधी, आणि रुग्णाकडून प्रत्येक भेटीला फक्त ३० बाथ.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे (वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यात नाहीत). तिथे औषध संपलं की हातात चिठ्ठी पडते, ‘बाहेरून आणा’, आणि मोफत सेवा त्या चिठ्ठीपाशी संपते. आमच्या मते वाढीव पैसा आधी त्या औषधांच्या कपाटात आणि ग्रामीण रुग्णालयांच्या रिकाम्या जागांवर जायला हवा, पॅकेजची यादी लांबवणं त्यानंतर.

प्रश्न : सहा वर्षं सलग पॉलिसी. आता ‘बीपी लपवलं’ म्हणून क्लेम नाकारला. (एक वाचक, नाशिक)

हा नकार टिकायला नको. सलग ६० महिने झाले की सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. पोर्ट केलेली वर्षंही मोजतात. मधे विमा रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेसाठी ६० महिने वाढवल्यापासून धरतात.

आधी नकार कलमासह लेखी घ्या. क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, म्हणून ती मंजुरी घेतली होती का तेही विचारा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला सर्व वर्षांच्या पॉलिसींच्या प्रती जोडून ईमेल करा आणि आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा; मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही, तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. मात्र ग्राहक आयोगात आधीच दावा टाकला असेल, तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. म्हणून क्रम चुकवू नका.