बाईंना विचारा : आतल्या माणसाचं काय?

प्रश्न : आदरणीय बाई, मी इचलकरंजीचा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दीड वर्षापासून एक कादंबरी लिहितोय. नायक रानबा, वय सतरा. त्याला गावानं बंदी घातलेली विद्या येते : तो हात लावेल ते लोखंड त्याचं ऐकतं. म्हणून त्याला गावातून हाकललंय, डोक्यावर बक्षीस लावलंय, तो रानात लपून राहतो. त्याचा जिवलग दोस्त यासीन याला किल्लेदारानं पकडून अंधारकोठडीत टाकलंय आणि रानबा त्याला सोडवायला येतो. इथंच माझी गाडी अडलीय. विद्या वापरली तर कुलूप निघतं, दार उघडतं, दोघं पळतात, पाऊण पानात खेळ खलास. विद्या काढून घेतली तर मग ती दिली कशाला? मित्र म्हणतात पहारेकरी वाढव. वाढवले. एक राक्षसही घातला. तरी मजा येत नाही. प्रकरणाची अकरा पानं सोबत जोडली आहेत.

उत्तर : राक्षस आधी काढून टाक. पानं दोनदा वाचली. चाराचे आठ पहारेकरी केलेस, आठाचे सोळा केलेस. तुझ्या रानबाचं लोखंड ऐकतं म्हटल्यावर त्याला सोळा काय नि साठ काय? भाले लोखंडाचेच ना?

मला वेगळंच विचारायचंय. या अकरा पानांत यासीन किती वाक्यं बोलतो? मी मोजली. एक. "तू आलास!" बस्स. महिनाभर अंधारात काढलेला पोरगा. त्याला भूक नाही, राग नाही, कसला संशय नाही, दोस्ताला इतका उशीर का झाला याची साधी विचारपूसही नाही. बाळा, ते माणूस नाही, बोचकं आहे. रानबा एसटी स्टँडवर विसरलेलं बोचकं न्यायला आलाय. गाडी कुलपापाशी अडलेली नाही, इथं अडलीय.

मी मूळची पाथर्डी तालुक्यातली. आमच्या परसातून गर्भगिरीचे डोंगर दिसायचे, आणि श्रावणात आजी 'नवनाथ भक्तिसार' लावायची. धुंडीसुत मालूनं शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरी केलेली पोथी, ४० अध्याय. आजीला अक्षर येत नव्हतं. वाचायचे मी, ऐकायची ती. कंटाळून एखादी ओवी गाळली की माळ ओढता ओढता तिचा हात थांबायचा. तोंडानं काही बोलायची नाही, नुसता हात थांबायचा. मग मी मुकाट्यानं मागं जायचे.

त्या पोथीत तुझंच प्रकरण आहे, तेही दोनदा. गोरक्ष आणि कानिफ हे दोन तरणे जोगी. दोघांकडे मंत्र-अस्त्रांचा भरपूर साठा, आणि दोघांचेही गुरू कुठंतरी अडकलेले. आंब्याच्या झाडाखाली दोघांची गाठ पडते, तुझी विद्या मोठी की माझी अशी चुरस लागते, आणि त्या भांडणात एकमेकांना पत्ते कळतात. तुझा गुरू तिकडे स्त्रीराज्यात मजेत आहे, असं एक सांगतो. आणि तुझा गुरू हेलापट्टणात घोड्याच्या लिदेखाली पुरलाय, असं दुसरा. आता दोघांच्या विद्या बघितल्या तर एकेका अध्यायात काम उरकायला हवं होतं. उरकत नाही. का, ते बघ.

गोरक्ष स्त्रीराज्यात शिरतो तो कलिंगा नावाच्या कलावंतिणीच्या ताफ्यातून, मृदंग वाजवायला. भर दरबारात मृदंगातून बोल निघतात : 'चलो मच्छिंदर, गोरख आया.' इथवर तुझ्या रानबासारखंच, झोकात. पण गुरूचा, मच्छिंद्राचा, चेहरा खुलत नाही, उतरतो! त्याला यायचंच नाहीये. राणी आहे, मूल आहे, गादी आहे. तो उलट गोरक्षालाच राहायचा आग्रह करतो. कसाबसा निघतो, तर झोळीत सोन्याची वीट लपवून घेतो आणि सगळी वाट चोरांच्या धास्तीनं चालतो. गोरक्ष गुपचूप वीट फेकून देतो, बदली दगड ठेवतो. कुठल्या मंत्रानं ते काम झालं असतं सांग? आजी इथं नेहमी हसायची. "एवढा मोठा नाथ, पण इटंपायी जीव टांगणीला," म्हणायची.

कानिफाची गोष्ट त्याहून पक्की आहे, ती नीट ऐक. गोपीचंद राजानं राणीच्या सांगण्यावरून कानिफाच्या गुरूला, जालंदरनाथाला, खड्ड्यात घातलं आणि वर पागेतली लीद लोटली. जालंदर आत जिवंत आहे, लीद अंगाला लागू न देता बसलाय. खड्डा उकरणं हे दोन गड्यांचं काम. पण कानिफ उकरू देत नाही, कारण गुरूचा स्वभाव त्याला ठाऊक आहे. इतकी वर्षं गाडून घेतलेला हा तापट माणूस बाहेर आल्याबरोबर समोर दिसेल त्याला जाळणार, आणि समोर असणार तो राजा. म्हणून कानिफ राजाचे पाच पुतळे करून घेतो : सोन्याचा, रुप्याचा, तांब्याचा, पितळेचा, लोखंडाचा. एकेक पुतळा खड्ड्याच्या काठाशी उभा करतात, राजा कुदळ मारतो, आतून आवाज येतो, "कोण खणतंय?" राजा नाव सांगून टुणकन बाजूला होतो. आतून शाप येतो आणि पुतळ्याची राख होते. असं पाच वेळा. मग कुठं आतल्याचा राग निवतो, आणि एवढ्यातूनही हा वाचला तर अमरच होवो, असा उलटा आशीर्वाद मिळतो.

चौथीतली मी हे वाचताना घामाघूम व्हायचे. सुटका करणारा घाबरलाय तो पहारेकऱ्याला नाही, ज्याला सोडवायचं त्यालाच!

आता यासीनला विचार. त्याला पकडलं कुणामुळं? रानबाच्या विद्येमुळंच ना? मग महिनाभर तो भिंतीशी काय बोलत होता? किल्लेदारानं त्याला रानबाचा ठावठिकाणा विचारला असेल. आठव्या दिवशी त्यानं सांगून टाकला असला तर? मग दार उघडल्यावर यासीन रानबाकडं बघणार नाही, रानबाच्या मागं बघेल. तेवढ्या एका नजरेसाठी मी तुझी दहा पानं आनंदानं वाचीन.

आग्र्याच्या सुटकेत पेटारे सगळ्यांना पाठ असतात. १७ ऑगस्ट १६६६, मिठाईचे पेटारे, पलंगावर हिरोजी फर्जंद. मला मात्र नेहमी रघुनाथपंत कोर्डे आणि त्र्यंबकपंत डबीर आठवतात. हे मागं सापडले, त्यांचे हाल झाले, कित्येक महिने कैदेत काढून मग सुटले. एक माणूस निसटला की त्याचं बिल मागं राहिलेल्यांच्या नावावर फाटतं. तुझ्या किल्ल्यात रानबाला चोरवाट दाखवणारी ती भांडीवाली म्हातारी आहे ना? सकाळी तिचं काय होतं? तू तिला चौथ्या पानावर सोडून दिलीस ती दिलीसच.

विद्येबद्दल थोडं. 'बंदी घातलेली' म्हणतोस, पण बंदी का, ते एका ओळीत उरकलंस : 'गावाला भीती वाटे.' आमच्या आळीत एक म्हातारे विंचू उतरवायचे. ते पडवळ खायचे नाहीत, कुणाकडून दमडी घ्यायचे नाहीत, आणि हाक आली की भरल्या ताटावरून उठायचे. एकदा त्यांच्या स्वतःच्या नातीच्या लग्नात, अक्षता हातात असताना, वाडीवरून माणूस आला. ते गेले. परत आले तेव्हा पंगत उठलेली, आणि मुलगी त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही. मंत्रात ताकद होती की नाही हे सोड. (नव्हती. विंचू चावला तर सरळ दवाखाना गाठायचा. प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी साऱ्या जगाला शिकवलाय.) पण त्या विद्येला काय काय मोजावं लागतं ते मला पडवळाच्या भाजीपर्यंत माहीत होतं. रानबा काय मोजतो? त्याला लोखंडाच्या तव्यावरची भाकरी चालते का? आईनं त्याला शेवटची विळी कधी हातात धरू दिली?

आणि एक फुकटची भेट देते. तू किल्ल्याचं दार लोखंडी केलंस. आपल्याकडं गडाचे दरवाजे सागवानी असतात. वर लोखंडी पट्ट्या आणि हत्तीनं धडक मारू नये म्हणून अणकुचीदार खिळे. आतून मात्र अडसर असतो, भिंतीतल्या खोबणीत सरकवायचा भला थोरला लाकडी ओंडका. कुठल्याही गडावर गेलास तर दाराच्या आतल्या बाजूला भिंतीत हात घालून बघ, ते भोक सापडेल. तुझ्या रानबाचे सगळे खिळे गळून पडतील, बिजागऱ्या नमस्कार करतील, आणि लाकूड तसूभर हलायचं नाही. मग तो अडसर आतून कुणीतरी सरकवायला हवा. कोण आहे आत?

बिजागऱ्यांवरून आठवलं. वासुदेव बळवंत फडक्यांनी एडनच्या तुरुंगात कसल्याही विद्येशिवाय कोठडीचं दार बिजागरीतून उचकटलं होतं. बाहेर पडले, आणि पुन्हा पकडले गेले. परका मुलूख, ओळखीचं एक घर नाही. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथंच गेले. उलट तुझ्या शेजारच्या सांगलीत २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी किल्ल्यातला तुरुंग फोडून तटावरून खंदकात उड्या टाकून पळाले. गोळीबार झाला, दादांना गोळी लागली, काही साथीदार जिवानिशी गेले. रविवारी एसटीनं जा, तो भाग बघून ये. तटाखाली उभा राहा आणि वर बघ. मग तुझी 'त्यांनी चपळाईने उडी मारली' ही ओळ तूच खोडशील.

पानं परत पाठवतेय. सातव्या पानावरचा चहाचा डाग माझा. यासीनला बोलता करून पुन्हा पाठव. राक्षस पाठवू नकोस.

प्रश्न : बाई, मी इंदूरला असते, मुलांसाठी इंग्रजी गोष्टींचे अनुवाद करते. 'आउटलॉ'ला मराठीत चपखल शब्द कोणता? 'दरोडेखोर' बरा वाटत नाही.

उत्तर : नाहीच बरा. दरोडेखोर म्हणजे दरोडा घालणारा. तुमचा नायक नुसता कायद्याबाहेर फेकला गेलाय. 'फरारी' पोलिसांच्या कागदातला, चालेल. 'तडीपार'ला हद्द असते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली ठरावीक भागातून ठरावीक मुदतीसाठी काढतात, शेजारच्या जिल्ह्यात तोच माणूस उजळ माथ्यानं चहा पितो. 'वाळीत टाकलेला' हा जातीचा-गावाचा मामला, सरकारचा नव्हे. गोष्ट जुन्या काळातली असेल तर मी 'बंडवाला' घेईन. पुरंदरच्या बाजूला उमाजी नाईकांच्या गोष्टी सांगताना म्हातारी माणसं 'बंड' हाच शब्द वापरायची. इंग्रजांच्या दप्तरात ते लुटारू होते, ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिली. सरकारचा शब्द एक आणि ज्यांच्या घरात रात्री भाकरी मिळायची त्यांचा दुसरा, ही गंमत अनुवादात दोन पात्रांच्या तोंडी दोन शब्द देऊन साधता येईल. एकाच शब्दावर अडून बसू नका.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा वहीत मंत्रतंत्र, मूठ मारणे, करणी असल्या कथा लिहितो. आता जादूटोणाविरोधी कायदा आहे. उद्या काही भानगड झाली तर? शिवाय त्याच्या गोष्टीतला दुष्ट किल्लेदार चष्मा लावतो आणि रात्री-अपरात्री उठून मशाली विझवत फिरतो. असलं याच्या डोक्यात येतं कुठून? – एक पालक, बार्शी

उत्तर : कायद्याची काळजी सोडा. २०१३ चा तो कायदा गोष्टींविरुद्ध नाही, माणसांना फसवून, छळून, नागवून दुकान चालवणाऱ्यांविरुद्ध आहे. भूत उतरवतो म्हणून मारहाण, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार, कुणाला चेटकीण ठरवून जगणं नकोसं करणं, असली कृत्यं त्याच्या अनुसूचीत आहेत. कीर्तन, प्रवचन, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा यांना त्यात हात लावलेला नाही. चौदा वर्षांच्या पोराची दोनशे पानी वही तर फारच लांब राहिली. त्याला फक्त एवढं सांगा की करणी कुणी केली हे ठरवताना गोष्टीतलं गाव नेहमी एखाद्या एकट्या विधवेकडंच का बोट दाखवतं, ते त्यानंही एकदा तपासावं. लिहिणाऱ्याला हे लवकर कळलेलं बरं.

राहिला किल्लेदार. तुमच्या घरात रात्री उठून दिवे-पंखे कोण बंद करत फिरतं हो?