वाचकांचे प्रश्न : पहिल्या सायकल शर्यतीपूर्वी

प्रश्न : मी 42 वर्षांचा असून दर रविवारी पहाटे मुलुंडहून ऐरोली पुलावरून पाम बीच रस्त्यापर्यंत सायकल चालवतो. एका स्थानिक हौशी शर्यतीत, 40 किलोमीटरच्या गटात, मी प्रथमच नाव नोंदवले आहे. मार्ग सपाट आहे. एकट्याने मला ताशी 28 किलोमीटरच्या पुढे सरासरी राखता येत नाही, आणि पुढचे स्पर्धक 32 च्या वेगाने जातात असे कळले. महिनाभरात माझी 11 किलोची सायकल बदलून कार्बनची हलकी सायकल घ्यावी का? सराव कसा करावा?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : सायकल बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण आणि सायकल मिळून 80 किलो भार धरला, तर दोन किलो हलकी सायकल घेऊन तो अवघा अडीच टक्क्यांनी घटेल आणि सपाट रस्त्यावर त्याचा लाभ जवळजवळ जाणवणारही नाही. घाटाची गोष्ट निराळी. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात, कारण चढावर वेग मंदावला की दुसऱ्याच्या मागे राहून मिळणाऱ्या वाऱ्यापासूनच्या आडोशाचा उपयोग फारसा उरत नाही आणि ज्याचा भार त्यालाच ओढावा लागतो.

सपाटीवर खरा अडथळा हवेचा असतो. तिच्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने 28 वरून 32 वर जाताना ती सुमारे दीडपट होते, आणि एका महिन्याच्या सरावाने एवढी शक्ती कोणाच्याही पायांत येत नाही. मात्र पुढच्या सायकलस्वाराच्या मागे जवळून राहिल्यास एकूण श्रमांपैकी पाव ते एक तृतीयांश वाचू शकतात. म्हणजे आज एकट्याला न झेपणारा वेग आपल्याला घोळक्यात झेपण्याची चांगली शक्यता आहे. फक्त घोळक्यात चालवण्याची सवय हवी, आणि एकट्याने घातलेल्या रविवारच्या फेऱ्यांतून ती होत नाही.

म्हणून महिनाभर एखाद्या अनुभवी सोबत्याच्या मागे, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, प्रथम दीड-दोन मीटर आणि सराव होईल तसे थोडे कमी अंतर ठेवून चालवावे. नजर पुढच्या सायकलस्वाराच्या चाकावर खिळवू नये. त्याच्या खांद्यापलीकडे रस्ता दिसत राहिला पाहिजे. वेग कमी करायचा झाल्यास पायडल मारणे थांबवावे किंवा किंचित ताठ बसून अंगावर वारा घ्यावा. अचानक दाबलेला ब्रेक मागच्या साऱ्यांना धोक्यात आणतो. आणि आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी कधीही घुसवू नये. तो जरा बाजूला सरकला आणि चाके घासली, की बहुधा मागचाच पडतो, कारण हँडल त्याचे फिरते. हे मी आग्रहाने लिहितो आहे. हौशी शर्यतींत मला दमछाकीपेक्षा अशा पडण्याचीच अधिक काळजी वाटते. आपल्याकडे खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि गटारांची झाकणे अशी भर असतेच, त्यामुळे खड्डा दिसताच हाताने खूण करून मागच्याला सावध करण्याची रीतही सोबत्याकडून शिकून घ्यावी. खाडीवरून आडवा वारा येत असेल, तर आडोसा थेट मागे नसून वाऱ्याच्या उलट बाजूला, तिरका मिळतो. मात्र तिथे सरकताना चाके शेजारी येण्याचा मोह होतो, म्हणून पहिल्या शर्यतीत सरळ मागेच राहावे.

खाण्याची फार चिंता नको. निघण्याच्या दोन-तीन तास आधी पोहे आणि केळे पुरेसे आहे. सव्वा तासाच्या श्रमांत पोटावर आणखी भार नको. पाण्याकडे मात्र लक्ष द्यावे, कारण मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. मीठ-साखर घातलेल्या लिंबू सरबताची बाटली सायकलला लावावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट घ्यावे.

शर्यतीच्या दिवशी प्रारंभरेषेवर पुढच्या रांगेत उभे राहू नये. पहिल्या काही मिनिटांत अतिउत्साहाने वेग फार वाढतो. तो स्थिरावेपर्यंत आपल्याइतक्याच दमाच्या तीन-चार जणांच्या मागे जवळून राहावे आणि पाळी आली की थोडा वेळ पुढे राहून आपणही वारा झेलावा. शेवटच्या किलोमीटरला सारे एकदम जोर लावतात, तेव्हा अंगात ताकद उरली असली तरी आपली रेघ सोडून आडवे जाऊ नये.