गोठ्यातली पद्मिनी: आधी ब्रेक, मग इंजिन

प्रश्न: नमस्कार. आमच्या गोठ्यात आबाजीची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, ते गेले तेव्हापासून म्हणजे दहा-बारा वर्षं झाली तिथंच उभी, वर कापसाच्या गाठोड्या पडल्या राहतात. शेती करतो, मोटरपंपाचं अन ट्रॅक्टरचं बारीकसारीक काम येते मले. मेकॅनिक म्हणते इंजिन उतरवा लागन, लहान भाऊ म्हणते नवी बॅटरी लावू अन सेल्फ मारून पाहू. घरीच शिकून करायची लय इच्छा आहे, जमन का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: जमेल भाऊ, नक्की जमेल. शिकायला पद्मिनीसारखी गाडी नाही, १०८९ सीसीचं साधं पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर, डेलको (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) अन त्यातले पॉइंट, बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यानं दिसतं. पण लहान भावाला आधी थांबवा. इतकी वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडर कोरडे पडतात, पिस्टनच्या रिंगांना गंज धरतो, अन तशात सेल्फ मारला की रिंग तुटते नाहीतर सिलिंडरला ओरखडे पडतात, मग इंजिन खरंच उतरवावं लागतं. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन-तीन रात्री तसंच राहू द्या, मग गाडी न्यूट्रल करून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानंच हळूहळू फिरवा. नाही फिरलं तर परत ऑइल अन परत वाट, पान्याला पाइप लावून जोर करायचा नाही.

तेवढ्यात ब्रेक उघडा. मी तर म्हणतो इंजिनाच्याही आधी ब्रेकच, कारण गाडी चालू झाली की घरातलं कोणीतरी म्हणणारच, चल फाट्यापर्यंत जाऊन येऊ. जुन्या गाड्यांत बहुतेक चारही चाकांचे ब्रेक एकाच लाइनीवर, एक सिलिंडर गळला की पेडल थेट खाली. नुसत्या जॅकवर काम करू नका, गाडीखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा. चाकामागचा ड्रम निघाला की दोन लायनरच्या (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांच्या) मधे छोटा सिलिंडर दिसेल, त्याची रबरी टोपी उचला, चॉकलेटी गाळ निघाला तर समजा ब्रेक ऑइलनं पाणी ओढलंय अन पिस्टन जाम आहे. पिस्टन काढून आतून नख फिरवा, खड्डे लागले तर सिलिंडर नवाच घ्या, गुळगुळीत असला तर रबर किटवर भागतं. रबराला पेट्रोल किंवा ग्रीस लावायचं नाही, फुगतं ते, फक्त ब्रेक ऑइल. आणि ड्रममधली काळी धूळ तोंडानं फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, फुप्फुसाला घातक, ओल्या फडक्यानं पुसा. एका वेळी एकच चाक खोला, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठं होती ते दुसऱ्या चाकावर पाहता येतं.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, गंज दिसला तर टाकी उतरवून धुवा. इंधनाच्या रबरी नळ्या सगळ्या बदला, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते खातं. वायरिंग हात-हात तपासा, कापसाखाली उंदीर राहिलेच असतील. पेंट शेवटी, आधी पायाखालचा पत्रा ठोकून पाहा. पार्टची काळजी नको, मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी २०२३ पर्यंत धावत होत्या, तिकडं जुने पार्ट अजून निघतात.

एक गोष्ट मात्र आजच करा, आरसी शोधा. तुमची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येणार नाही, त्याला ५० वर्षं लागतात, म्हणजे १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावंच लागणार, वर ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा कर). गाडी आबाजींच्या नावावर असेल तर वारसाची कागदपत्रं लागतील, त्याला वेळ लागतो, म्हणून ब्रेकचं काम चालू असतानाच यवतमाळच्या आरटीओत एक चक्कर टाकून या.