गाडीच्या एसीचा कंप्रेसर जाम झालाय. तो बायपास करून, म्हणजे वगळून, इंजिनला छोटा बेल्ट लावायचा तर लांबी कशी ठरवायची?

जुन्या बेल्टच्या लांबीतून कंप्रेसरच्या पुलीचा परीघ वजा करू नका. हे आधी सांगतो, कारण तुम्हाला कोणीतरी हा सल्ला देणारच. मला आमच्या साडूंनी दिला होता.

जुलै महिना, सायनला पाणी भरलेलं, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतायत. बॉनेटखालून आधी कर्कश किंचाळी, मग जळक्या रबराचा वास, मग फट्. बेल्ट तुटला. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), पॉवर स्टीअरिंग, वॉटर पंप, सगळं त्या एकाच बेल्टवर. बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टीअरिंग दगड झालं, टेम्परेचरचा काटा वर निघाला. इंजिन बंद करून ढकलत कडेला घेतली. कंप्रेसरची पुली हाताने तसूभर हलेना. नव्या कंप्रेसरचा खर्च ऐकून बायकोच म्हणाली, काचा खाली करून जाऊ.

रविवारी साडू आले. मेकॅनिकल इंजिनिअर; म्हणजे डिग्री ती, नोकरी सगळी पर्चेसमध्ये. जुन्या बेल्टवर ६पीके१७५०, म्हणजे सहा रिब (बेल्टच्या आतल्या बाजूच्या लांब उभट रेघा), लांबी १७५० मिलिमीटर. कंप्रेसरच्या पुलीचा व्यास १२०, गुणिले ३.१४, झाले ३७७. उरले १३७३. "अहो, आठवीचं गणित आहे!" मी मुकाट्याने ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात जाऊन १३७५ चा आणला. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी स्प्रिंगची पुली) पान्याने पार मागे ओढला तरी शेवटच्या पुलीला चार बोटं कमी. पॅकिंग फाडलेलं, त्यामुळे दुकानदार परत घेईना.

अहो, बेल्ट पुलीला पूर्ण वेढा घालतच नाही! पुली वगळली की तिथवरचं जाणं-येणं आणि तो अर्धामुर्धा वेढा वाचतो, पण शेजारच्या दोन पुल्यांमध्ये नवा सरळ रस्ता वाढतो. त्याचं गणित परिघावर सुटत नाही.

शेवटी तुटलेला बेल्टच कामाला आला. कंप्रेसर सोडून बाकीच्या पुल्यांवरून तो घट्ट फिरवला, मुलाला टेन्शनरचा बाण खुणांच्या मधोमध धरून ठेवायला सांगितलं आणि जादा उरलेलं शेपूट मोजलं. २६० भरलं. १७५० वजा २६०, १४९०. सुतळीने मोजू नका. ती ताणते, आणि खाचेत किती रुतली त्यावर माप बदलतं. नेमका नंबर नाही मिळाला तर पाच मिलिमीटर कमी घ्या, दहा जास्त घेऊ नका. बेल्ट वापराने सैल होतो, आखडत नाही. साडूंचं यावर म्हणणं काय, तर "वजाबाकी माझीच, फक्त आकडा बदललात."

विकत घेण्याआधी मात्र नवा मार्ग बोटाने गिरवून पाहा. प्रत्येक पुली पूर्वीच्याच दिशेने फिरली पाहिजे. वॉटर पंपावर रिबच्या जागी बेल्टची पाठ आली तर पंप उलटा फिरेल आणि इंजिन उकळेल. बेल्ट स्वतःला कुठे घासता कामा नये. अल्टरनेटरवरचा वेढा फार कमी होत असेल तर हेडलाइट, वायपर, ब्लोअर एकदम लावल्यावर घसरून किंचाळणार. तिथे बायपासचा नाद सोडा आणि कंप्रेसरच्या जागी आयडलर पुली (नुसती मोकळी फिरणारी) बसवून घ्या. टेन्शनरच नसलेला स्ट्रेच बेल्ट असेल तर माझी युक्ती लागू नाही.

आणि हो, इंजिन बंद करून बेल्ट काढल्यावर कंप्रेसरची पुली हाताने मोकळी, खरखर न करता फिरत असेल तर जाम आतला कंप्रेसर आहे. पुलीला कंप्रेसरशी जोडणाऱ्या क्लचचं कनेक्टर काढून ठेवा, जुनाच बेल्ट चालेल. एसीला वेगळा बेल्ट असेल तर तो नुसता काढून टाका, काहीच आणायला नको. हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

६पीके१३७५ कोणाच्या गाडीला बसत असेल तर सांगा. पॅकिंग फाटलंय, बेल्ट कोरा आहे. साडू म्हणतात ठेवा, कधीतरी लागेल.