रात्री गेम, सकाळी भौतिकशास्त्र

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. पोरगा रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर असतो. विचारलं तर म्हणतो, ‘फिजिक्सवरचे गेम बनवणार.’ असं खरंच काही असतं, की अभ्यास टाळायची पळवाट? – एक पालक, सोलापूर

उत्तर : दादा, असतं. पळवाट म्हणाल, तर फार चढाची आहे. गणितापासून सुटका नाही.

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञानं पाहुण्यांचा वेळ बरा जावा म्हणून ऑसिलोस्कोपच्या (विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर टेनिसचा खेळ मांडलं होतं. २०१२ मध्ये एमआयटीच्या (पुण्याची नव्हे, अमेरिकेतली) गेम लॅबनं एक गेम काढला. त्यात एकेक गोळा उचलला की प्रकाशाचा वेग कमी होतो. मग चालता चालता रंग बदलतात, वस्तू वेड्यावाकड्या दिसतात. प्रकाशाच्या वेगाजवळ काय घडतं हे सांगणाऱ्या सापेक्षतावादाची समीकरणं आणि खेळाची मजा, दोन्ही जाणणारी माणसं एका टेबलावर बसल्याशिवाय असलं काही होत नाही.

आणि त्या टेबलावर भांडणं ठरलेली. उडी मारलेलं पात्र खाली येताना गेमवाले गुरुत्वाकर्षण खुशाल वाढवतात, कारण उडी तशी झकास वाटते. शास्त्रज्ञ म्हणणार, हे चूक. दोघांचंही ऐकून वाट काढणारा माणूस सहजी मिळत नाही. अर्थात फक्त याच कामाच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हेही त्याला आत्ताच सांगा.

बारावीनंतर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षं विज्ञान, नाहीतर सीईटी देऊन इथंच कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. मला दोन्ही चालेल. ‘गेमिंग’ची पाटी लावून लाखभर फी मागणाऱ्या कोर्सला मात्र बारावीआधी हात लावू नका. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याच्या लॅपटॉपवर चालेल.

तुमच्या मागांवर धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) असेल, तर रविवारी पोराला तिथं उभं करा. फटका कमी बसला तर धोटा मध्येच अडकतो, ताण्याचे म्हणजे उभे धागे तुटतात. जास्त बसला तर पेटीत आपटतो. वस्तुमान, वेग, घर्षण सगळं आलं. हाच खेळ त्याला पडद्यावर करायला सांगा : योग्य फटका द्या, धागा तोडू नका. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या. वेडावाकडा का होईना, धोटा हलला तर मला कळवा. नुसतेच दुसऱ्यांचे गेम खेळत बसला, तरीही कळवा.