डब्लिनच्या पबमध्ये चहा मागितला तर चालेल का?

प्रश्न : ताई नमस्कार. आमची लेक डब्लिनला शिकायला गेलीय, मे महिन्यात मी आणि हे दहा दिवस तिच्याकडे जाणार आहोत. ती म्हणते आई, इथले जुने पब नाही बघितलेस तर काहीच नाही बघितलंस. ह्यांना एखादी बिअर चालते, मी मात्र कधी थेंबही घेतलेला नाही, आणि सगळं आयुष्य दादरमध्ये गेलं तरी परमिट रूमच्या दारात पाय ठेवलेला नाही. मला तिथे अवघडल्यासारखं होईल का? आणि जायचंच तर कुठे जावं?
– एक वाचक, दादर

उत्तर : काकू, बिनधास्त जा. मी दीड वर्ष तिथे नोकरीला होते आणि पहिले दोन महिने ह्याच भीतीने पबकडे फिरकलेच नाही, त्याची चुटपुट मला अजून आहे. परमिट रूम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काळ्या काचा आणि अंधार येतो, पण तिथला जुना पब हा आपल्या इराण्याच्या जास्त जवळचा आहे, म्हणजे म्हातारे आजोबा एकटेच पेपर घेऊन बसलेले, शेजारी दोघीजणी खरेदीच्या पिशव्या पायाशी ठेवून गप्पा मारतायत, आणि मालकाला कोण कुठे बसणार ते पाठ. बऱ्याच ठिकाणी चहा मिळतो, दुपारी सूप आणि ब्राऊन ब्रेड मिळतो, तुम्ही चहा मागितलात तर कुणी वळूनसुद्धा बघणार नाही. सिगरेटच्या धुराचीही काळजी नको, २००४ पासून पबमध्ये आत सिगरेट ओढायला बंदी आहे.

तुम्हाला एक गोष्ट मुद्दाम बघायला सांगते, ती म्हणजे स्नग. जुन्या पबच्या एका कोपऱ्यात लाकडी पार्टिशन घालून केलेली इवलीशी खोली, तिला स्वतःचं दार आणि काउंटरच्या बाजूला एक छोटी खिडकी, त्या खिडकीतून ग्लास आत यायचा. पूर्वी बायकांनी पबमध्ये दिसणं बरं समजत नसत म्हणून त्या इथे बसायच्या, आणि ज्यांना लोकांच्या नजरेला पडायचं नसे ते पुरुषही. आपल्या इराण्यांकडे फॅमिली रूम असायची ना, अगदी तस्संच. १९७० च्या दशकापर्यंत काही पब बाईला आख्खा पाइंट द्यायचे नाहीत, अर्धाच ग्लास! आज त्याच स्नगमध्ये जागा मिळावी म्हणून लोक लवकर येऊन बसतात. बॅगट स्ट्रीटवरच्या टोनर्सचा स्नग सुंदर आहे. साउथ अॅन स्ट्रीटच्या किहोजमध्येही आहे, आणि तिथे काउंटरच्या मागे जुन्या किराणा दुकानाचे लाकडी ड्रॉवर अजून दिसतात, कारण त्या काळी बरेच पब म्हणजे पुढे वाण्याचं दुकान आणि मागे दारू असे होते, चहापत्ती घ्यायला आलेला माणूस एक घोट घेऊनच घरी जायचा.

काकांनी गिनेस, म्हणजे तिथली प्रसिद्ध काळी बिअर, मागवली तर तुम्ही काउंटरजवळ उभ्या राहून ती भरताना बघाच. ग्लास तिरका धरून पाऊण भरतात आणि बाजूला ठेवून देतात. मग तो मातकट फेस ग्लासच्या कडेने खाली उतरताना दिसतो, हळूहळू तळापासून काळा रंग वर चढत येतो आणि वर सायीसारखा थर बसतो, तेव्हा कुठे उरलेला भरतात. सगळं मिळून दोनेक मिनिटं लागतात, तेवढ्यात घाई करायची नाही, ग्लास पुढे ओढायचा नाही. नायट्रोजनचे बारीक बुडबुडे असतात म्हणून तो फेस असा दाट. ज्या कारखान्यात ती बनते ती सेंट जेम्सेस गेटची जागा आर्थर गिनेसने १७५९ मध्ये वर्षाला ४५ पौंड भाड्याने घेतली, आणि करार केला ९००० वर्षांचा!

बहुतेक जुन्या पबमध्ये टेबलावर वेटर येत नाही, काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. लेकीचे मित्रमैत्रिणी बरोबर असतील तर राउंडची पद्धत लक्षात ठेवा, एकाने सगळ्यांचं आणायचं, मग दुसऱ्याने, तुम्ही चहा घेतलात तरी एक राउंड तुमच्याकडून होऊ दे, त्याला तिथे फार मान आहे.

कुठे जायचं म्हणाल तर टेम्पल बार नावाच्या पर्यटकांच्या भागातल्या गर्दीत फोटो काढा आणि बाहेर पडा, तिथे महाग पण आहे. स्टॅग्ज हेडमध्ये १८९५ सालच्या रंगीत काचा दुपारच्या उन्हात बघा. लाँग हॉलचं आतलं काम १८८१ चं. ग्लासनेव्हिनच्या कबरस्तानाला लागून १८३३ पासूनचा कॅव्हनाज आहे, त्याला सगळे ग्रेव्हडिगर्स म्हणतात, कारण कबरी खणणारे कामगार तिथे यायचे, आणि आत टीव्ही नाही, गाणी नाहीत, फक्त माणसांचा आवाज. मला स्वतःला हाच सगळ्यात आवडतो.

संगीतासाठी मात्र स्मिथफील्डचा कॉबलस्टोन. तिथे स्टेज नसतं, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, पाइप्स (हवेच्या पिशवीचं वाद्य) घेऊन लोक बसतात आणि ज्याला चाल येते तो त्यात मिसळतो, आपल्याकडे भजनाला बसतात तसं. फर्माईश करू नका आणि त्यांच्या अगदी जवळ बसून मोठ्याने बोलू नका. २०२१ मध्ये तिथे हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा लोक शवपेटी घेऊन वाजतगाजत रस्त्यावर उतरले होते, शेवटी महापालिकेने परवानगी नाकारली. एकेक इराणी बंद होताना आपण नुसते हळहळतो, म्हणून मला ती बातमी वाचून भरून आलं होतं.

प्रश्न : मुंबईतले आयरिश पब खरंच तिकडच्यासारखे असतात का? माझं वय २२ आहे.
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : जगभर दिसणारे बरेचसे आयरिश पब १९९० च्या दशकापासून डिझाइन करून बनवलेले आहेत, कॉटेज, व्हिक्टोरियन, दुकानवाला असे ठरावीक नमुने, लाकूडकाम आयर्लंडमध्ये करून जहाजाने पाठवायचं. लाकूड खरं असतं, पण रोज त्याच खुर्चीत बसणारा म्हातारा कंटेनरमधून येत नाही, त्याला पन्नास वर्षं लागतात. आणि आपल्या राज्यात बिअरला २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५ वय लागतं, तेव्हा तुला सध्या बिअरच. आयर्लंडमध्ये ते १८ आहे.

प्रश्न : तिकडे ड्राय डे असतो का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : गुड फ्रायडेला असायचा, १९२७ च्या कायद्याने. २०१८ पासून ती बंदी उठली. आता फक्त ख्रिसमसच्या दिवशी पब बंद, त्यामुळे डिसेंबरात जात असाल तर आदल्या संध्याकाळीच जाऊन या.